संध्याकाळी सगळे कॉम्प्युटर आपोआप बंद करायचेत? आधी कोणते बंद करायचे नाहीत ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात साठेक विंडोज मशीन. त्यातली बहुतेक डोमेनमध्ये (सर्व्हरवरून एकत्र सांभाळली जाणारी), दहा-बारा अजून वर्कग्रुपमध्येच (सुटी, आपापल्या खात्यांवर चालणारी). लोक जाताना मॉनिटर बंद करतात, सीपीयू तसाच सोडतात. म्हणून सर्व्हरवर एक बॅच फाइल केली, तिच्यात सगळ्या मशीनची नावं लिहिली आणि रोज रात्री आठला ती एकेका नावाला शटडाउनचा हुकूम पाठवते. आता तीन तक्रारी आहेत. काही मशीन 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतात. यादी संपायला खूप वेळ लागतो. आणि दोघांच्या सेव्ह न केलेल्या फाइली गेल्या. तर योग्य पद्धत कोणती?

माझं मत आधीच सांगतो: सर्व्हरवरून हुकूम सोडायची पद्धतच बदला. बंद व्हायचं की नाही, हे प्रत्येक मशीनला स्वतः ठरवू द्या. सर्व्हरने फक्त नियम वाटायचे. मशीन बंद करणं ही एका ओळीची कमांड आहे. तुमचे तास खाणार आहे तो दुसरा भाग, म्हणजे कोणतं मशीन, कोणत्या रात्री, कोणत्या अवस्थेत बंद करायचं नाही, हे ठरवणं. आणि ते सगळं मशीनपाशीच कळतं. तिथे कोण बसलंय, कोणती फाइल उघडी आहे, कॉपी चालू आहे का, यातलं काहीही सर्व्हरवरच्या बॅच फाइलला दिसत नाही.

या उत्तरात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. 'शटडाउन /एस' म्हणजे स्लॅशनंतर इंग्रजी एस.

तुमच्या तीन तक्रारींची कारणं आधी बघू, कारण पुढचा आराखडा त्यांच्यावरच उभा आहे.

'ॲक्सेस डिनाइड' येतंय ते बहुधा त्या वर्कग्रुपमधल्या दहा-बारा मशीनवर. दुसऱ्या मशीनला बंद करायला 'फोर्स शटडाउन फ्रॉम अ रिमोट सिस्टिम' हा हक्क लागतो आणि तो मुळात ॲडमिनिस्ट्रेटर्स गटालाच असतो. डोमेनमध्ये तो डोमेन ॲडमिनला आपोआप मिळतो. वर्कग्रुपमध्ये मात्र तिथल्या स्थानिक ॲडमिन खात्याने नेटवर्कवरून आत शिरलात, तर विंडोजचं यूएसी (अधिकारांवर पहारा ठेवणारी सोय) त्या खात्याचे ॲडमिन अधिकार काढून घेतं. पासवर्ड बरोबर, खातं ॲडमिनचं, तरीही नकार. नेटवर शोधलंत की रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) एक व्हॅल्यू सापडेल, 'लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी' नावाची. ती १ केली की काम होतं. करू नका. सगळ्या मशीनवर एकच ॲडमिन पासवर्ड असेल, आणि अशा ऑफिसांत तो असतोच, तर एक मशीन कोणाच्या हाती लागलं की त्याच पासवर्डच्या हॅशवर (मशीनमध्ये साठवलेल्या त्याच्या सांकेतिक रूपावर) बाकीची सगळी उघडतात. वीज वाचवायला एवढी किंमत कोणी मोजू नये. स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनवर वेगळा ठेवायची सोय, म्हणजे विंडोज लॅप्स, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. डोमेनमधल्या मशीनसाठी ती लगेच चालू करा. आणि तुमच्या बॅच फाइलमध्ये 'नेट यूज'च्या (दुसऱ्या मशीनशी जोडणाऱ्या कमांडच्या) ओळीत पासवर्ड उघडा लिहिलेला असेल, तर तो आजच बदला.

यादीला वेळ लागतो, कारण जे मशीन आधीच बंद आहे त्याच्या उत्तराची कमांड बराच वेळ वाट बघते आणि मग पुढच्या नावाकडे जाते. निम्मी मशीन बंद असली की शेवटच्या नावापर्यंत हुकूम पोचायला रात्र चढते.

तिसरी तक्रार फाइली गेल्याची, आणि इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही /एफ लावलाच नव्हता, मग फोर्स कसं झालं?" शटडाउन कमांडमध्ये '/टी' ची मुदत शून्यापेक्षा जास्त दिली, की '/एफ' आपोआप धरला जातो. म्हणजे 'शटडाउन /एस /टी ९००' लिहिलंत, तर पंधरा मिनिटांनी सगळे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होणार. वर्ड 'सेव्ह करू का' विचारायला थांबणार नाही. सौम्य वाटणारी ही कमांड आतून तेवढीच कडक आहे.

आणि त्या पंधरा मिनिटांत पडद्यावर काय दिसतं? 'तुम्हाला साइन आउट केलं जाणार आहे, विंडोज पंधरा मिनिटांत बंद होईल' अशा अर्थाची एक खिडकी आणि तिच्यात एकच बटण, 'क्लोज'. रद्द करायचं बटण नाही. माणूस क्लोज दाबतो, खिडकी जाते, त्याला वाटतं थांबलं, आणि तो चहाला उठतो. उलटी मोजणी मागे चालूच असते. ती थांबवायची तर 'शटडाउन /ए' द्यावं लागतं, आणि हे हिशेब विभागातल्या माणसाने पाठ करून ठेवावं अशी अपेक्षा धरणं चूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातल्या पीएस-शटडाउनमध्ये समोरच्या माणसाला रद्द करू देणारा पर्याय आहे, पण तोही शेवटी सर्व्हरवरून सोडायचाच हुकूम.

मग फोर्सच नको, असं म्हणून मुदत शून्य आणि '/एफ' शिवाय दिलं तर? मशीन लॉक केलेलं असेल तर विंडोज चक्क नकार देतं, त्रुटी क्रमांक १२७१: मशीन लॉक आहे, फोर्सशिवाय बंद करता येणार नाही. आणि संध्याकाळी चालू राहिलेली बहुतेक मशीन कोणत्या अवस्थेत असतात? लॉक. म्हणजे फोर्स केलं तर काम जातं, नाही केलं तर मशीन बंद होत नाही.

यातून सुटायचा रस्ता हायबरनेट. माझ्या पद्धतीचा गाभा हाच आहे: मशीनवर कोणीच लॉगइन नसेल तर सरळ शटडाउन, कोणी लॉगइन असेल, लॉक करून का असेना, तर हायबरनेट. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. सकाळी उघडलं की वर्डची ती न सेव्ह केलेली फाइल होती तिथेच, कर्सरसकट. विजेच्या दृष्टीने शटडाउन आणि हायबरनेट यांत नाव घेण्यासारखा फरक नाही, दोन्हीत मशीन वॉटभर खातं. साधा ऑफिसचा डेस्कटॉप काही न करता ४० वॉट घेतो असं धरा. रात्री आठ ते सकाळी नऊ असे १३ तास ३० मशीन चालू राहिली, तर एका रात्रीत १५.६ युनिट जातात. तीच हायबरनेट केली तर अर्ध्या युनिटच्या आत. एवढ्या फरकासाठी कोणाच्या फाइली उडवायचं काही कारण नाही.

हायबरनेटची पथ्यं आहेत. डिस्कवर त्याची मोठी फाइल बसते, तेव्हा जागा बघून घ्या. 'पॉवरसीएफजी /ए' दिलं की ते मशीन हायबरनेट होऊ शकतं का ते कळतं, बंद असेल तर 'पॉवरसीएफजी /एच ऑन'. डेटाबेसशी जोडलेला प्रोग्रॅम उघडा राहिला असेल तर सकाळी तो 'कनेक्शन तुटलं' म्हणणार, तो बंद करून पुन्हा उघडावा लागेल. याची कल्पना लोकांना आधी द्या, नाहीतर पहिल्या सकाळी सगळे फोन तुम्हालाच. एखाद्या जुन्या मशीनचा ग्राफिक्स ड्रायव्हर हायबरनेटमधून उठताना काळा पडदा दाखवतो. प्रत्येक मॉडेलचं एकेक मशीन घेऊन हे आधीच तपासा.

आता मांडणी. ग्रुप पॉलिसी म्हणजे डोमेनमधल्या मशीनना सर्व्हरवरून नियम वाटायची सोय. तिच्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली प्रेफरन्सेस, तिथे कंट्रोल पॅनल सेटिंग्ज, त्यात शेड्युल्ड टास्क्स. इथे एक टास्क करा, ती सिस्टिम खात्याखाली (विंडोजच्या स्वतःच्या खात्याखाली) चालू द्या आणि तिने एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट चालवावी. ही पॉलिसी फक्त वर्कस्टेशन ज्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या कप्प्यात) आहेत त्या ओयूलाच जोडा. डोमेनच्या मुळाशी जोडली तर रात्री आठला फाइल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलरही इमाने इतबारे बंद होतील. वर्कस्टेशन आणि सर्व्हर अजून एकाच ओयूमध्ये असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते वेगळे करा.

टास्क रोज आठला सुरू व्हावी आणि चार तास दर अर्ध्या तासाने पुन्हा चालावी. एकदाच आठला चालवली तर साडेआठपर्यंत बसलेल्या माणसाचं मशीन रात्रभर चालू राहतं. सुरुवातीला काही मिनिटांचा रँडम डिले द्या, म्हणजे सगळी मशीन एकाच सेकंदाला सर्व्हरकडे लॉग लिहायला धावणार नाहीत.

टास्क शेड्युलरमधल्या एका चौकटीशी सावध राहा: 'ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर टास्क चालवा'. वाचायला फार शहाणपणाची वाटते, आणि बॅकअपसाठी ती आहेच. शटडाउनसाठी तिचा अर्थ बघा. एखादं मशीन माणसाने स्वतःच सहाला बंद केलं. आठची टास्क चुकली. दुसऱ्या दिवशी नऊला मशीन चालू झालं, शेड्युलर उठला, चुकलेल्या टास्क त्याने मोजल्या, नेमाप्रमाणे दहाएक मिनिटं थांबला आणि नऊ वाजून दहाला शटडाउन चालवलं. मग तक्रार येते की 'सकाळी मशीन आपोआप बंद पडतं', आणि लोक पॉवर सप्लाय बदलतात. यातला विरोधाभास असा की हा त्रास फक्त त्यांनाच होतो जे रोज शिस्तीत मशीन बंद करून जातात. ती चौकट रिकामी ठेवा. शिवाय स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत घड्याळ बघा: संध्याकाळी साडेसातच्या आधी किंवा रात्री साडेबाराच्या नंतर असेल तर काहीही न करता बाहेर पडा. मध्यरात्र मध्ये येते, तेव्हा तुलना नीट लिहा.

स्क्रिप्टने पुढे काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी आजची सूट. प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर 'आज चालू ठेवा' नावाचा शॉर्टकट ठेवा. त्यावर दोनदा क्लिक केलं की प्रोग्रॅमडेटाखालच्या एका ठरलेल्या फोल्डरमधल्या फाइलीत आजची तारीख लिहिली जाते, बस. त्या फोल्डरवर साध्या युजरला लिहिण्याची परवानगी द्यायला विसरू नका. स्क्रिप्ट ती तारीख वाचते, आजची असेल तर गप्प बाहेर पडते. उद्या तारीख बदलली की सूट आपोआप संपते, कोणी काढायला जावं लागत नाही. कायमच्या सूटसाठी मी असा शॉर्टकट देत नाही. कायमची सूट माणसाने मागायची आणि कारण सांगायचं.

कायमची सूट डोमेनमधल्या एका कॉम्प्युटर-गटाने द्यावी आणि पॉलिसीत त्या गटाला वगळावं. मात्र मशीनला गटात टाकलं की ते लगेच लागू होत नाही, नवीन गट त्याला सहसा रीस्टार्टनंतरच कळतो. त्याचप्रमाणे पॉलिसी स्वतः दर ९० मिनिटांनी आणि वर ० ते ३० मिनिटांच्या फरकाने ताजी होते. सात वाजता कोणी फोन करून 'आज आमचं मशीन नको' म्हटलं तर गट किंवा पॉलिसी बदलून उपयोग नाही. त्याला शॉर्टकट दाबायला सांगा.

या गटात कोण असावं? एखाद्याच्या टेबलाखाली गुपचूप सर्व्हरचं काम करणारं मशीन. प्रत्येक ऑफिसात असं एक असतंच: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ज्याच्या डिस्कवर आहे ते, ज्याच्यावर शेअर केलेला प्रिंटर आहे ते, हजेरीच्या यंत्राचा किंवा कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम चालतो ते. घरून रिमोट डेस्कटॉपने ज्यांच्यावर काम होतं तीही. ही यादी टेबलावर बसून होत नाही. सर्व्हर नसलेल्या मशीनवर कोणते फोल्डर शेअर केलेत ते बघा, आणि दुपारी ऑफिसभर एक फेरी मारून विचारा, 'हे बंद झालं तर कोणाचं अडतं?' लॅपटॉप मी या पॉलिसीत घेतच नाही. ते झाकण मिटलं की आपापलं बघतात.

यानंतर स्क्रिप्ट लॉगइन बघते. 'क्यूयूजर' दिलं तर सगळी सत्रं दिसतात, लॉक केलेली धरून. कोणीच नसेल तर 'शटडाउन /एस /एफ /टी ०', तिथे हरवण्यासारखं काही नाही.

कोणी असेल तर आधी सूचना, पंधरा मिनिटं थांबणं, सूटची फाइल पुन्हा एकदा वाचणं आणि मग 'शटडाउन /एच'. सूचना 'एमएसजी' कमांडने देता येते, ती विंडोजच्या होम आवृत्तीत नसते, पण डोमेनमध्ये होम आवृत्ती येतही नाही. सूचनेत बंद व्हायची वेळ आणि काय करायचं, एवढं दोनच ओळींत लिहा: 'हा कॉम्प्युटर ८.१५ ला झोपेल, उघडं काम तसंच राहील. चालू हवा असेल तर डेस्कटॉपवरच्या आज चालू ठेवा वर दोनदा क्लिक करा.' मराठीत सूचना देताना एक अडचण हमखास येते. विंडोजमधलं पॉवरशेल ५.१ स्क्रिप्टची फाइल बीओएमशिवायच्या (फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेशिवायच्या) यूटीएफ-८ मध्ये असेल तर ती जुन्या कोडपेजने वाचतं आणि पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग येते. फाइल 'यूटीएफ-८ विथ बीओएम' अशी सेव्ह करा. एवढं करून जी मशीन ऐकत नाहीत, तिथे 'एमएसजी'चा नाद सोडून स्वतःची छोटी खिडकी दाखवा.

'माणूस खरंच मशीनपाशी आहे का, हे कीबोर्ड-माउसवरून ओळखता येणार नाही का?' येतं, पण सिस्टिम खात्याखालून नाही. ते खातं वेगळ्या सत्रात चालतं, तिथे कोणाचाच कीबोर्ड नसतो. शेवटचा स्पर्श कधी झाला असं तिथून विचारलं तर मिळणारं उत्तर त्या माणसाबद्दल नसतं. हे हवं असेल तर टास्क युजरच्या सत्रात चालवावी लागते. टास्क शेड्युलरची स्वतःची 'आयडल' अटही आहे, पण ती प्रोसेसर आणि डिस्कची हालचालही बघते, म्हणून अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असलं तरी मशीन 'कामात आहे' असं ठरतं. मी ती वापरत नाही. हायबरनेटने काम जात नाही म्हटल्यावर माणूस आहे की नाही याची अचूक खात्री करायची गरजच बरीच कमी होते.

लांब चालणारी कामं मात्र वेगळी तपासा. व्हिडिओ रेंडर, मोठी कॉपी, रात्रीचा बॅकअप. त्या प्रोग्रॅमची नावं स्क्रिप्टमध्ये यादीने ठेवा, त्यातलं एखादं चालू दिसलं की बाहेर पडायचं, अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं. 'पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स' दिलं तर कोणता प्रोग्रॅम मशीनला झोपू देत नाही हेही कळतं.

अपडेटचं काय, हा पुढचा प्रश्न. रोज रात्री आठला सगळं बंद आणि अपडेटची वेळ पहाटे तीन अशी ठेवलीत, तर दोघांची गाठ कधीच पडणार नाही. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या वेळेनुसार येतात. मी आठवड्यातली एक रात्र अपडेटची ठेवतो. त्या दिवशी शटडाउनची टास्क नाही, अपडेट बसतात, रीस्टार्ट होतो आणि मध्यरात्रीनंतर एक वेगळी टास्क पूर्ण शटडाउन करते. त्या रात्री हायबरनेट नाही, म्हणून त्या दिवशीची सूचना दुपारपासून द्यायची आणि तिच्यात 'सगळं सेव्ह करून जा' हे स्पष्ट लिहायचं. नुसतं हायबरनेटवर महिनोन्महिने चाललेलं मशीन कधीच नव्याने सुरू होत नाही, त्यासाठीही ही रात्र लागते.

याच्याशीच जोडलेला फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून स्टार्ट मेनूतून 'शटडाउन' केलं तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, फक्त युजरचं सत्र बंद होतं. म्हणून रोज मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या टास्क मॅनेजरमध्ये 'अपटाइम' वीस दिवस दिसतो आणि तो शपथेवर सांगतो की मी रोज बंद करतो. दोघंही खरं बोलतात. स्टार्टअपला चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि त्या वेळी बसणारी सॉफ्टवेअर अशा मशीनवर अडकून राहतात. 'शटडाउन /एस' मात्र पूर्ण शटडाउन करतं, त्यात '/हायब्रिड' मुद्दाम लावला तरच फास्ट स्टार्टअप येतो. मी ऑफिसच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप बंदच करतो. त्यासाठी ग्रुप पॉलिसीतली तत्सम सेटिंग डिसेबल करून भागत नाही, 'हायबरबूट एनेबल्ड' ही रजिस्ट्री व्हॅल्यू ० करावी लागते. हायबरनेट त्यानंतरही चालतं.

वर्कग्रुपमधली दहा-बारा मशीन शक्य असेल तर डोमेनमध्ये आणा. नसेल तर तीच टास्क एका मशीनवर तयार करून एक्सएमएल फाइलीत एक्स्पोर्ट करा आणि प्रत्येक मशीनवर जाऊन 'एससीएचटास्क्स /क्रिएट /एक्सएमएल' ने बसवा, स्क्रिप्टसकट. एका दुपारचं काम आहे, आणि रिमोट हक्कांचा सगळा घोळ टळतो. एखाददुसरं लिनक्स मशीन असेल तर रूटच्या (ॲडमिन खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे तिथल्या वेळापत्रकात, 'शटडाउन -पी +१५' (पी कॅपिटल) आणि पुढे संदेश. तो संदेश टर्मिनलवरच्या लोकांना दिसतो, शेवटची पाच मिनिटं नवीन लॉगइन बंद होतं, आणि 'शटडाउन -सी' ने रद्द करता येतं. क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरलात तर 'पर्सिस्टंट' चालू ठेवू नका, तो वरच्या चुकलेल्या वेळेच्या चौकटीचाच भाऊ आहे. मॅकवर 'पीएमसेट रिपीट शटडाउन' ने वार आणि वेळ देता येते. सेटिंग्जमधला वेळापत्रकाचा पडदा २०२२ च्या व्हेंचुरापासून गेला, कमांड आहे.

सकाळी लोक येण्याआधी मशीन चालू हवी असतील तर वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून 'मॅजिक पॅकेट' पाठवून मशीन जागं करणं. मॅजिक पॅकेट म्हणजे सहा बाइट एफएफ आणि पुढे त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक (मॅक ॲड्रेस) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. तो ब्रॉडकास्टने जातो, म्हणून राउटरपलीकडच्या दुसऱ्या व्हीलॅनमधल्या (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातल्या) मशीनपर्यंत सहसा पोचत नाही. प्रत्येक व्हीलॅनमध्ये पाठवणारं एखादं मशीन ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या लेखी विंडोज वेक ऑन लॅनला आधार देतं तो स्लीप आणि हायबरनेटमधून. पूर्ण बंद मशीन उठतं ते मदरबोर्डच्या जोरावर, आणि तिथे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' चालू असेल तर नेटवर्क कार्डाची वीजच तुटते. पॅकेट कितीही पाठवा. फक्त सकाळी ठरावीक वेळी उठवायचं असेल तर बायोसमधला अलार्म जास्त भरवशाचा. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी यातलं काहीच लागत नाही, लोक येऊन बटण दाबतात.

हे सगळं एका रात्रीत साठ मशीनवर सोडू नका. पहिला आठवडा स्क्रिप्टमधल्या शटडाउनच्या आणि हायबरनेटच्या ओळी काढून ठेवा आणि तिथे फक्त लॉग लिहा: या वेळी, या मशीनवर, हा माणूस लॉगइन होता, मी हायबरनेट केलं असतं. हा लॉग सर्व्हरवरच्या एका शेअरमध्ये जमा करा. सिस्टिम खातं नेटवर्कवर मशीनच्या नावाने ओळखलं जातं, म्हणून त्या शेअरवर लिहायची परवानगी 'डोमेन कॉम्प्युटर्स' गटाला द्यायची. युजरना दिलीत तर एकही ओळ येणार नाही. आठवड्याच्या लॉगमध्ये तुम्हाला विसरलेली ती टेबलाखालची मशीन सापडतील. दुसऱ्या आठवड्यात आयटीची स्वतःची मशीन आणि एखादा समजूतदार विभाग, मग बाकी.

चालू झाल्यावर कोणी 'माझं मशीन आपोआप बंद झालं' म्हणाला तर वाद घालू नका, त्याचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिम लॉगमध्ये क्रमांक १०७४ म्हणजे कोणत्या प्रोसेसने, कोणाच्या नावाने, कोणत्या कारणाने बंद केलं. तिथे तुमच्या टास्कची वेळ दिसली तर ते तुमचं. ६००८ किंवा कर्नल-पॉवरचा ४१ दिसला तर वीज गेली किंवा मशीन कोसळलं, त्यात तुमच्या स्क्रिप्टचा हात नाही. शटडाउन कमांडच्या '/सी' मध्ये ५१२ अक्षरांपर्यंत मजकूर देता येतो. तिथे 'संध्याकाळची स्वयंचलित टास्क' असं लिहून ठेवलंत तर १०७४ मध्ये तेच वाचायला मिळतं आणि हे शोधकाम मिनिटाचं होतं. हायबरनेटला ही सोय नाही, त्यासाठी तुमचा स्वतःचा लॉगच बघायचा.

आणि रात्री साडेबारानंतर सर्व्हरवरून सगळ्या नावांना एकदा पिंग करा, म्हणजे कोणतं मशीन अजून उत्तर देतं ते कळेल. तुमच्या जुन्या बॅच फाइलची ती यादी इथे कामाला येईल. जी उत्तर देतात ती सूटच्या गटात आहेत का ते जुळवा. उरलेली चार-पाच रोज तीच असतील. त्यातल्या काहींवर टास्क पोचलेलीच नसते. काही मात्र झोपून पुन्हा उठलेली असतात. तिथे सकाळी 'पॉवरसीएफजी /लास्टवेक' द्या. बहुधा नेटवर्क कार्डाचं नाव येईल. त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'फक्त मॅजिक पॅकेटनेच जागं करा' ही चौकट रिकामी असते, आणि नेटवर्कवरच्या कुठल्याही सटरफटर पॅकेटने मशीन उठून बसतं. ती चौकट भरा. नाव टायमरचं आलं तर 'पॉवरसीएफजी /वेकटायमर्स' ने कोणती टास्क मशीन उठवायला बसली आहे ते बघा आणि पॉवर प्लॅनमध्ये वेक टायमर बंद करा.